खाल्ल्या घरचे वासे

कंपनीत हिशेब तपासणारे दोन प्रकारचे असतात. एक बाहेरून येतो. वर्षअखेर उलटली की त्याची मुलं लॅपटॉप घेऊन येतात, तीन-चार आठवडे कागद मागत राहतात, समोसे खातात, भागधारकांसाठीच्या अहवालावर सही होते आणि मंडळी निघून जातात. लोकांना ऑडिटर म्हटलं की हाच आठवतो. दुसरा आतच राहतो. त्याची हजेरी त्याच गेटावर लागते, तो त्याच कँटीनमध्ये जेवतो, दिवाळीत मिठाईचा डबा त्यालाही मिळतो. आणि ज्यांचं काम तो तपासतो, त्यांच्यापैकीच कोणीतरी त्याच्या पगारवाढीच्या कागदावर सही करतं. हा अंतर्गत लेखापरीक्षक. मी हे काम अकरा वर्षं केलं, रायपूरजवळच्या सिलतरा औद्योगिक क्षेत्रातल्या एका स्पंज आयर्नच्या कारखान्यात. खात्यात आम्ही तिघं होतो आणि आमची खोली स्टोअरच्या मागे होती. तिथे कोणी सहज येत नसे.

मराठीत एखाद्याला 'खाल्ल्या घरचे वासे मोजणारा' म्हटलं की त्या माणसाबद्दल आणखी काही बोलायचं उरत नाही. तात्यापाऱ्यातल्या आमच्या घरी आजी हे शब्द फार जपून वापरायची; ज्याच्याबद्दल वापरले, त्याला पुन्हा पानावर बोलावलं जात नसे. मोठेपणी मी पोटासाठी नेमकं तेच करू लागलो. ज्या घरी जेवायचं त्याच घराचे वासे मोजायचे, कोणता किडला आहे ते लिहून काढायचं, आणि महिनाअखेरीस पगारही त्याच घरातून घ्यायचा. हा मोजणारा कृतघ्न की इमानी? इमानी असेल तर कोणाशी? नोकरीत असताना या प्रश्नाला वेळ मिळाला नाही. मिळाला असता तरी मी तो टाळलाच असता, असं आता वाटतं.

एक प्रसंग सांगतो, म्हणजे पुढचं बोलणं हवेत राहणार नाही.

स्पंज आयर्नला लोहखनिज लागतं आणि कोळसा लागतो. आमचा कोळसा कोरबा आणि रायगडकडून ट्रकने यायचा. गेटावर वजनकाटा; इकडे सगळे धरमकाटा म्हणतात. भरलेल्या गाडीचं वजन घ्यायचं, माल उतरला की रिकाम्या गाडीचं घ्यायचं, वजाबाकी करायची. तेवढ्या मालाचे पैसे. काट्यावर चोरी होते ती भरल्या गाडीत, असं सगळ्यांना वाटतं. म्हणून सगळ्यांचं लक्ष तिथे असतं. रिकामी गाडी कोणी बघत नाही. तिचं वजन तीन-चार क्विंटलने कमी दाखवलं की तेवढाच कोळसा कागदावर वाढतो. आम्ही सहा महिन्यांच्या काट्याच्या पर्च्या काढल्या आणि गाडीच्या नंबराप्रमाणे लावल्या. त्याच गाड्या दिवसा रिकाम्या असताना जेवढ्या भरायच्या, त्यापेक्षा रात्रपाळीत तीन-चार क्विंटल हलक्या व्हायच्या. ट्रक काही रात्री उपाशी राहून वाळत नाही. मग प्रयोगशाळेचं रजिस्टर मागवलं. ठरलेल्या प्रमाणापेक्षा कोळशात ओलावा जास्त असेल तर तेवढे पैसे कापायचे, असा करार होता. सबंध जुलै आणि ऑगस्टभर, ताडपत्रीच्या भोकांतून गळणाऱ्या पावसात भिजत आलेल्या प्रत्येक गाडीचा ओलावा रजिस्टरमध्ये तोच होता. दशांशापर्यंत तोच. वाहतूकदाराचं कंत्राट दोन वेळा नवी दरपत्रकं न मागवता वाढवलेलं होतं. आणि माल किती आला याचा अंतिम दाखला देण्याचं काम, माल विकत घेणाऱ्या खरेदी खात्याकडेच होतं.

माझ्या मसुद्यात पाच परिच्छेद होते: काटा, प्रयोगशाळा, वाहतूकदार, खरेदी खातं, आणि पाचवा या सगळ्याला वाट करून देणाऱ्या पद्धतीबद्दल. खरेदीप्रमुख एमडी साहेबांचे नातेवाईक होते. मी ज्यांच्या हाताखाली होतो ते वित्तप्रमुख, आणि या दोघांचे संबंध चांगले होते. बैठक झाली. वाचणाऱ्याला इथे आरडाओरडा, धमकी असं काहीतरी अपेक्षित असेल. तसं काही झालं नाही. चहा आला, ढोकळा आला. खरेदीप्रमुख अतिशय सौजन्याने बोलले. प्रत्येक वाक्यावर चर्चा झाली आणि प्रत्येक वाक्य थोडंसं हललं. 'वजन कमी दाखवले' याचं 'वजन कमी दिसून आले' झालं. कर्ता गेला. मग 'दिसून आले' याचं 'काही नोंदींत तफावत आढळली' झालं. वजनही गेलं. प्रयोगशाळेचं उपकरण जुनं आहे आणि नव्याचा प्रस्ताव मंजूर झालेला आहे, तेव्हा तो मुद्दा आता गैरलागू आहे, असं ठरलं. वाहतूकदाराचा मुद्दा 'अधिक तपशिलासाठी' पुढच्या तिमाहीत गेला. खरेदी खात्याबद्दलचा परिच्छेद एका ओळीवर आला: नियंत्रणव्यवस्था अधिक बळकट करण्यास वाव आहे. काट्याचा परिच्छेद मात्र जवळजवळ जसाच्या तसा राहिला, कारण रात्रपाळीच्या काटा ऑपरेटरच्या वतीने बोलणारं त्या बैठकीत कोणी नव्हतं.

मी सही केली. आठ दिवसांनी त्या मुलाला काढून टाकलं. धरसींवाच्या बाजूच्या एका गावचा, बारावी झालेला. सायकल स्टँडजवळ त्याने मला गाठलं. भांडला नाही. इतकंच म्हणाला, "साहब, मेरा नाम तो आपने ही लिखा था ना?" मी त्याचं नाव लिहिलं नव्हतं, 'रात्रपाळीचा ऑपरेटर' असं लिहिलं होतं. हा फरक मी त्याला समजावू लागलो आणि मध्येच थांबलो.

त्याने चोरी केली नव्हती असं मी म्हणत नाही. गाडीमागे त्याला काहीतरी मिळत असणारच. पण पाच परिच्छेदांत तो जेवढा दोषी होता आणि एका परिच्छेदात जेवढा दोषी ठरला, ते एक नव्हतं. माझ्या अहवालातलं प्रत्येक विधान खरं होतं. संबंध अहवाल खोटा होता.

अंतर्गत लेखापरीक्षकाचं स्वातंत्र्य म्हटलं की पुस्तकांतून जे येतं ते बहुतेक शोधण्याच्या स्वातंत्र्याबद्दल असतं: कोणतीही फाईल मागता आली पाहिजे, कुठेही जाता आलं पाहिजे, कोणालाही विचारता आलं पाहिजे. ते मला पूर्ण होतं. रात्री दोन वाजता काट्यावर जाऊन उभा राहिलो तरी कोणी अडवलं नसतं. शोधलेलं जसंच्या तसं योग्य माणसापर्यंत नेण्याचं स्वातंत्र्य मात्र मला नव्हतं, आणि मी ते मागितलंही नव्हतं. शोधण्याची पूर्ण मोकळीक आणि सांगण्याची अर्धीच, अशी ही वाटणी होती. त्या मुलाचा प्रसंग झाला तेव्हा कळलं की ही वाटणी काहीच नसण्यापेक्षा वाईट आहे. माझं खातं नसतं तर त्या मुलाला काढायला निदान कारण शोधावं लागलं असतं.

हा पेच नवा नाही, आणि आमच्या भागात तर मुळीच नाही. लेखापरीक्षणावरच्या लेखात कौटिल्य आणि त्याचा पाणी पिणारा मासा हटकून येतो. तो मी टाळतो. मला जवळची वाटते ती मराठ्यांच्या कारभारातली दरखदारांची व्यवस्था. पेशवाईत मामलेदाराबरोबर दिवाण, मुजुमदार, फडणीस, दफ्तरदार, पोतनीस, पोतदार, सभासद, चिटणीस असे दरखदार असत. मामलेदार बदलत, दरखदार राहत. त्यांची नेमणूक मामलेदाराची नव्हती, म्हणून त्यांना काढणंही त्याच्या हातात नव्हतं. हिशेब मुजुमदाराच्या नजरेखालून गेल्याशिवाय फडणिसाकडे जात नसे. शिवाय देशमुख-देशपांड्यांची स्वतंत्र दप्तरं असत, त्यांच्याशी ताळा पडल्याखेरीज मामलेदाराचा हिशेब मान्य होत नसे. त्याहीआधी, शिवकाळात, गडावर हवालदार, सबनीस आणि सरनोबत असे तिघं ठेवण्याची रीत होती. गड कोणा एकाच्या हातात नसावा हा त्यातला हेतू. नागपूरकर भोसल्यांचा अंमल छत्तीसगडात आला आणि १७८७ मध्ये बिंबाजी भोसले वारल्यानंतर सुभेदारांचा काळ सुरू झाला, तेव्हा इथल्या परगण्यांतही कमाविसदाराच्या जोडीला फडणवीस आणि वऱ्हाडपांडे आले. ही दोन्ही आडनावं नागपुरात आजही आहेत. आपल्या पूर्वजाने दुसऱ्याच्या हिशेबावर नजर ठेवली होती हे त्या घरांतल्या किती जणांना ठाऊक असेल, देव जाणे.

कागदावर बघितलं तर यापेक्षा चांगली व्यवस्था सुचणं कठीण. तपासणारा तपासल्या जाणाऱ्याच्या मर्जीवर नाही. पुष्कळदा तर वंशपरंपरेने वतनदार. मला अकरा वर्षांत असं एकही आश्वासन मिळालं नाही. मग काय झालं? माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलखाबद्दल १८१९ मध्ये अहवाल लिहिला. त्यात या कारभाराची तो पुष्कळ ठिकाणी कदर करतो, पण मामलेदार पैसा कुठून खात हेही सांगतो: लपवलेली जमा, न दिलेली सूट दिल्याचं दाखवणं, खोटी हजेरी. आणि मग 'दरबारखर्च' नावाच्या बाबीबद्दल लिहितो. याचंच दुसरं नाव अंतस्थ. वर बसलेल्या मंत्र्यांना आणि हिशेब तपासणाऱ्यांना गुपचूप द्यायचे ते हे पैसे. हळूहळू ही लाच ठरावीक झाली, तिचा दर बसला, ती हिशेबात उघड लिहिली जाऊ लागली आणि इतर खर्चासारखीच तपासलीही जाऊ लागली. पण लाच उघड झाल्यावर तिचा उपयोग संपला. म्हणून नव्या गुप्त लाचेसाठी रयतेवर नवी पट्टी बसली.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा एकटाच हसलो. लाचेचा खर्च, आणि त्याचं ऑडिट. पण हसू ओसरल्यावर लक्षात आलं की इथे माझी नेहमीची तक्रार कोसळते. माझी तक्रार अशी होती की मला अभय नाही, उद्या काढून टाकतील. दरखदारांना अभय होतं. पिढ्यान्‌पिढ्यांचं होतं. म्हणूनच ते विकत घेण्याजोगे झाले: जो हलणार नाही त्याच्याशी एकदा दर ठरवला की तो कायमचा ठरतो. अभय लागतंच, पण तेवढ्याने भागत नाही.

आजच्या कायद्याने यातलं थोडं जमवलं आहे आणि थोडं सोडलं आहे. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या १३८ व्या कलमाने काही कंपन्यांना अंतर्गत लेखापरीक्षक नेमणं बंधनकारक केलं. शेअर बाजारात नोंदलेल्या सगळ्या कंपन्या त्यात येतात. खाजगी कंपनी असेल तर वर्षाची उलाढाल २०० कोटींची किंवा बँकांचं कर्ज १०० कोटींच्या वर असायला हवं. बाहेरच्या लेखापरीक्षकाला मुदतीआधी काढायचं तर १४० व्या कलमाप्रमाणे भागधारकांचा विशेष ठराव लागतो आणि केंद्र सरकारची आधी परवानगी लागते. भारताच्या नियंत्रक आणि महालेखापरीक्षकाला तर सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाला ज्या रीतीने काढतात त्याच रीतीने काढता येतं, आणि पद सोडल्यावर सरकारकडून दुसरं पद घेण्याची मुभाही संविधानाने त्याला ठेवलेली नाही. अंतर्गत लेखापरीक्षकाला कंपनी कायद्यात असलं काही नाही. नोंदलेल्या कंपनीत त्याची नेमणूक, पगार आणि गच्छंती लेखापरीक्षण समितीपुढे ठेवावी लागते, एवढंच. आमच्यासारख्या खाजगी कंपनीला अशी समिती नेमण्याचं बंधन नव्हतं. आमच्याकडे वित्तप्रमुखांचा एक फोन पुरेसा होता. तो कधी आला नाही हेही सांगायला हवं. येण्याची वेळच मी येऊ दिली नाही.

मग हे काम बाहेरच्या फर्मलाच का देऊ नये? पुष्कळ कंपन्या देतात, कायद्याची ना नाही. पण रिकामा ट्रक रात्री हलका होतो हे बाहेरच्या माणसाला दिसणं अवघड आहे. मला ते दिसलं, कारण गेटावरचा सुरक्षारक्षक माझ्याशी बोलायचा, आणि तो बोलायचा कारण आम्ही अकरा वर्षं एकाच भट्टीची धूळ खात होतो. कळण्यासाठी जवळ असावं लागतं, बोलण्यासाठी दूर. एकाच माणसाने दोन्ही करायचं, ही या पेशातली खरी अडचण आहे, आणि फर्म बदलून ती सुटत नाही. मुंबईची पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँक सप्टेंबर २०१९ मध्ये अडकली तेव्हा बाहेर आलं की तिच्या कर्जांपैकी ७० टक्क्यांहून जास्त एकाच बांधकाम समूहाकडे होती आणि ती झाकायला २१,०४९ खोटी खाती उभी केली होती. बाहेरचे लेखापरीक्षक त्या बँकेलाही होते.

एकाच खुर्चीत बसलेल्या दोन माणसांचा मी अनेकदा विचार करतो. पहिला हैदराबादच्या सत्यम कॉम्प्युटर्समधला. ७ जानेवारी २००९ ला अध्यक्षांनी स्वतःच पत्र लिहून कबूल केलं की ताळेबंदात दाखवलेली पाच हजार कोटींहून जास्त रोकड मुळात नाहीच. पुढे तपासात हजारो खोटी बिलं निघाली. कंपनीत अंतर्गत लेखापरीक्षण विभाग होता, प्रमुख होता. सेबीने २०१४ मध्ये ज्या पाच जणांना चौदा वर्षं बाजारातून बाहेर काढलं त्यांत तो होता, आणि २०१५ च्या एप्रिलमध्ये विशेष न्यायालयाने दोषी ठरवलेल्या दहा जणांतही होता. त्या शिक्षेला वरच्या न्यायालयाने महिन्याभरात स्थगिती दिली, हेही नोंदवतो. दुसरी अमेरिकेतल्या वर्ल्डकॉम या टेलिफोन कंपनीतली सिंथिया कूपर. मिसिसिपी राज्यातल्या क्लिंटन या छोट्या गावात कंपनीचं मुख्यालय होतं आणि तेच तिचं गाव. ती ज्यांच्या हाताखाली होती ते वित्तप्रमुख स्कॉट सलिव्हन. याआधी एका प्रकरणात ती थेट लेखापरीक्षण समितीकडे गेली म्हणून तेच तिच्यावर ओरडले होते. २००२ च्या उन्हाळ्यात त्यांनी तिला सांगितलं की हे काम पुढच्या तिमाहीपर्यंत लांबवा. तिने आणि तिच्या माणसांनी ते रात्री बसून केलं. कागद नाहीसे होतील या भीतीने नोंदी सीडीवर उतरवून ठेवल्या. रोजचा खर्च मालमत्ता म्हणून दाखवून ३.८ अब्ज डॉलर दडवल्याचं त्यातून बाहेर आलं. शेवटी तो आकडा अकरा अब्जांच्या घरात गेला.

कूपर शूर होती, आणि मी नव्हतो. हे मान्यच आहे. पण गोष्ट एवढीच असती तर लेख लिहायचं कारण नव्हतं. तिने काय केलं हे बारकाईने बघितलं तर दोन गोष्टी दिसतात. तिला जाण्यासाठी एक दार होतं: लेखापरीक्षण समितीचा अध्यक्ष, जो सलिव्हनच्या हाताखाली नव्हता आणि ज्याला ऐकून घेणं भाग होतं. आणि 'पुढच्या तिमाहीत' या शब्दांचा अर्थ तिला कळला. माझ्या बैठकीत तेच शब्द उच्चारले गेले होते आणि मी ते वहीत उतरवून घेतले होते. पहिली गोष्ट व्यवस्थेची आहे, दुसरी माणसाची. दार नसताना शूर माणूस फार तर राजीनामा देतो. आणि दार असूनही माणूस कच्चा असला तर ते दार फक्त बैठकीच्या इतिवृत्तात उघडतं.

रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२१ मध्ये बँकांसाठी जे परिपत्रक काढलं त्यातली एक तरतूद मला म्हणूनच फार शहाणी वाटते. अंतर्गत लेखापरीक्षणाचा प्रमुख शक्यतो किमान तीन वर्षं त्या जागी असावा, त्याचा मोबदला व्यवसायाच्या नफ्याशी बांधलेला नसावा, हे तर आहेच. पण तो व्यवस्थापकीय संचालकाच्या हाताखाली असेल तर लेखापरीक्षण समितीने दर तिमाहीत एकदा त्याला एकट्याला भेटावं, संचालक आणि वरिष्ठ अधिकारी तिथे नसताना, असंही आहे. कोण खोलीत असावं याचे नियम पुष्कळ असतात. कोण नसावं याचा हा नियम. माझ्या त्या बैठकीत ढोकळा नसता आणि खरेदीप्रमुखही नसते, तर पाचांपैकी तीन परिच्छेद तरी वाचले असते असं मला वाटतं. पाचही वाचले असते असं म्हणायचं धाडस होत नाही.

आता आजीच्या वाक्प्रचाराकडे. खाल्ल्या घरचे वासे मोजणं वाईट का? कारण त्यात गृहीत आहे की घर यजमानाचं आहे आणि मोजणारा पाहुणा आहे. कारखान्यात आम्ही हे गृहीत जसंच्या तसं उचललं होतं. सेठजींचा कारखाना, सेठजींचं अन्न. पण कारखान्यातले बहुतेक पैसे बँकांचे होते. बँकांकडे ते कोणाचे होते हे रायपूरकरांना सांगावं लागत नाही. इथली इंदिरा प्रियदर्शिनी महिला नागरिक सहकारी बँक २००६ मध्ये बुडाली. हजारो ठेवीदार, त्यांत बायका खूप. त्या काळी ठेवविम्याचं संरक्षण एक लाखापर्यंतच होतं. पाच लाख ते २०२० मध्ये झालं. सतरा वर्षांनी, २०२३ मध्ये, न्यायालयाने त्या प्रकरणाच्या फेरतपासाला परवानगी दिली. तोपर्यंत मुलीच्या लग्नासाठी ठेवलेल्या पैशाच्या मुलीची मुलं शाळेत जाऊ लागली होती. ज्यांचे वासे किडत होते त्या बायका त्या घरात पाहुण्या नव्हत्या, आणि मोजायला त्यांना कोणी शिडीही दिली नव्हती. घर त्यांचं आहे असं धरलं तर म्हण उलटी होते. मग मोजणारा कृतघ्न राहत नाही. किड दिसूनही ढोकळा खाणारा कृतघ्न ठरतो.

हे मला पटतं, तरी पूर्ण समाधान देत नाही. कारण त्या घरात काटा ऑपरेटरही राहत होता. ठेवीदारांशी इमान राखायचं म्हणून मी त्याच्याबद्दल जे लिहिलं ते खरंच होतं. बाकीचे चार परिच्छेद गळाले तेव्हा पाचवाही मागे घेण्याचा मला हक्क होता का? म्हणजे, पूर्ण सांगता येत नसेल तर काहीच सांगू नये? हा प्रश्न मी आमच्या नात्यातल्या एका वडीलधाऱ्या गृहस्थांना विचारला. ते राष्ट्रीयीकृत बँकेत तपासणी खात्यात आयुष्यभर होते. ते म्हणाले, "असं कसं मागे घेशील? चोरी तर झालीच होती ना. पण सही करताना खाली एक ओळ लिहायला तुझा हात कोणी धरला होता का, की मूळ मसुदा पाच मुद्द्यांचा होता?" कोणी धरला नव्हता. एवढी साधी ओळ. ती लिहिली असती तर मला काढलं असतं किंवा नसतं, पण त्या मुलाला एकट्याला काढणं जड गेलं असतं.

पुढच्या वर्षापासून मी मसुदा आणि अंतिम अहवाल, दोन्हींच्या प्रती एकाच पाकिटात एमडी साहेबांकडे पाठवू लागलो. त्यांनी त्याबद्दल कधी काही म्हटलं नाही. मुद्दे कमी गळू लागले, हे खरं. दोन वर्षांनी अंतर्गत लेखापरीक्षण बाहेरच्या एका फर्मला दिलं गेलं, खर्च कमी होतो म्हणून, आणि मला लेखा विभागात जागा देऊ केली. ती मी घेतली नाही.

तो मुलगा आता बिलासपूर रस्त्यावरच्या एका खाजगी धरमकाट्यावर आहे. एकदा मी तिथे थांबलो. त्याने ओळखलं, खुर्ची दिली, चहा मागवला. तेवढ्यात एक रिकामी गाडी काट्यावर चढली. ड्रायव्हर अजून आत बसलेला होता. "उतर जा भैया, पहले उतर," तो खिडकीतून ओरडला, आणि ड्रायव्हर खाली उतरेपर्यंत त्याने बटण दाबलं नाही.